बोलके हात

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे. म्हणून 'ती पुस्तक' असे न म्हणता 'ते पुस्तक' असे म्हणावे लागते. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे असेल तर 'आम्ही' आणि त्याला बरोबर घेऊन बोलायचे असेल तर 'आपण' म्हणतात. असे बारकावे सुरुवातीला अवघड वाटतात. तरीही तुम्हाला एक मोठी सोय आहे. बाजारात, एस.टी.त, रेडिओवर, टीव्हीवर मराठी तुमच्या कानांवर पडत असते. हळूहळू कान तयार होतो आणि चुकीचे वाक्य कानालाच खटकू लागते.

आता अशा एका मुलाची कल्पना करा, ज्याच्या कानांवर कोणतीच भाषा कधी पडली नाही. त्याने आईचे अंगाईगीत ऐकले नाही, वडिलांची हाक ऐकली नाही, गल्लीतल्या मुलांचा गलका ऐकला नाही. अशा मुलाला लिंग, वचन, काळ आणि विभक्ती कशी समजणार? आणि एक भाषा शिकून झाल्यावर त्याने दुसऱ्या देशाची भाषाही शिकायची ठरवली तर?

हे खरोखर घडले आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी फ्रान्समध्ये जन्मलेल्या एका बधिर माणसाने आधी लेखी फ्रेंच आणि मग लेखी इंग्रजी शिकून घेतली. पुढे त्याने हजारो मैलांवरच्या अमेरिकेत जाऊन शेकडो बधिर मुलांना इंग्रजी शिकवली. त्या शिक्षकाचे नाव लोराँ क्लेर. त्यांची ही जीवनकथा लक्षपूर्वक वाचा.

लोराँ क्लेर यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्सच्या आग्नेय भागातील ला बाम या खेड्यात झाला. त्यांचे वडील गावाचे प्रमुख होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. लोराँ एक वर्षाचा असताना खुर्चीवरून चुलीच्या विस्तवात पडला. त्याचा उजवा गाल भाजला. जखम भरून आली, पण गालावरचा व्रण जन्मभर राहिला. पुढे घरच्यांच्या लक्षात आले, की मुलाला ऐकूही येत नाही आणि वासही येत नाही. पडल्यामुळेच असे झाले, असे त्यांना वाटे. तो जन्मतःच बहिरा होता की अपघाताने बहिरा झाला, हे मोठेपणी क्लेर यांना स्वतःलाही खात्रीने सांगता आले नाही.

आईवडिलांनी उपाय करून पाहिले. लोराँ सात वर्षांचा असताना त्याची आई त्याला लिओं शहरातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन आठवडे त्याच्या कानांत कसले तरी औषध सोडले. त्याचा काहीच उपयोग झाला नाही. मायलेक जसे गेले तसे परत आले.

मग लोराँचे दिवस गावातच जाऊ लागले. आईच्या टर्की कोंबड्या शेतात न्यायच्या, गाई चरायला सोडायच्या, वडिलांच्या घोड्याला पाणी पाजून आणायचे, अशी कामे तो करी. घरच्यांशी तो थोड्याफार खुणांनी बोले. भूक, तहान, 'ये', 'जा' एवढे त्या खुणांनी सांगता येत असे. पण काल काय झाले, उद्या काय होईल, हे असे का, ते तसे का, हे सगळे विचारण्यासाठी त्याच्याजवळ भाषा नव्हती. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हते. हुशार मुलगा भाषेवाचून मनातल्या मनात कोंडला गेला होता.

१७९७ साली त्याच्या काकांनी त्याला पॅरिसला नेऊन बधिर मुलांच्या शाळेत घातले. ही शाळा कशी निघाली, तेही ऐका. सुमारे १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये द लेपे नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू होते. त्यांची दोन बधिर बहिणींशी गाठ पडली. या मुली एकमेकींशी खुणांनी बोलत होत्या. त्या खुणा पाहून द लेपे यांच्या मनात एक विचार आला. कानांच्या वाटेने भाषा आत जात नसेल, तर ती डोळ्यांच्या वाटेने का जाऊ नये? त्यांनी बधिरांकडूनच त्यांच्या खुणा शिकून घेतल्या आणि गरीब बधिर मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली.

या शाळेत व्याकरण शिकवण्याची रीत मोठी गमतीची होती. काम होऊन गेले हे सांगण्यासाठी हात खांद्यावरून मागे टाकायचा. त्याही आधी झालेल्या कामासाठी तीच खूण पुन्हा करायची. म्हणजे भूतकाळ पाठीमागे! फ्रेंच भाषेत उर्दूप्रमाणे दोनच लिंगे आहेत. पुल्लिंगासाठी पुरुषाच्या हॅटकडे हात न्यायचा आणि स्त्रीलिंगासाठी हात कानाजवळ, म्हणजे बायकांची टोपी जिथे संपते तिथे न्यायचा. व्याकरणाचा प्रत्येक नियम असा डोळ्यांना दिसेल, अशी त्यांची धडपड होती.

द लेपे यांच्यानंतर सिकार हे शाळेचे प्रमुख झाले. विशेषण शिकवण्याची त्यांची एक युक्ती पाहा. समजा, 'लाल कागद' हे शिकवायचे आहे. नामाची अक्षरे थोडी जागा सोडून लिहायची आणि मधल्या जागांत विशेषणाची अक्षरे भरायची. मराठीत तसे लिहिले तर ते का-ला-ग-ल-द असे दिसेल. गुण हा वस्तूच्या आतच मिसळलेला असतो, वेगळा काढता येत नाही, हे मुलांना त्यातून दिसत असे. मग हळूहळू दोन्ही शब्द वेगळे करून फ्रेंच रीतीने मांडायला शिकवीत.

लोराँचे पहिले शिक्षक होते जाँ मास्यू. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि स्वतः बधिर होते. विचार करा, त्या मुलाला काय वाटले असेल! बारा वर्षे ज्याच्याशी कोणी मनमोकळे बोलले नाही, त्याच्यासमोर आता हातांनी भराभर बोलणारा, त्याच्यासारखाच न ऐकणारा शिक्षक उभा होता. शाळेतल्या मुलांची खुणांची भाषा लोराँ लवकरच शिकला. तिथे प्रत्येकाला खुणेचे नाव मिळत असे. लोराँच्या गालावर व्रण होता, म्हणून दोन बोटे गालावरून फिरवली की ते त्याचे नाव झाले. ज्या व्रणाकडे लोक दयेने पाहत, तोच आता त्याची ओळख बनला.

शाळेतला एक प्रसंग मात्र तो कधीच विसरला नाही. एक शिक्षक त्याला तोंडाने बोलायला शिकवत. 'दा' आणि 'ता' या उच्चारांतला फरक त्याला कसा कळणार? तो ऐकूच येत नव्हता. वारंवार सांगूनही जमेना, तेव्हा चिडलेल्या शिक्षकाने त्याच्या हनुवटीखाली जोराने फटका मारला. लोराँची जीभ दातांखाली सापडली. त्याला रडू कोसळले. त्या दिवसापासून तोंडाने बोलण्याचा नाद त्याने सोडून दिला. पण त्याने शिकणे सोडले नाही. हातांची भाषा आणि लेखणी, ही दोन साधने त्याने पक्की धरली.

मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. खुणांची भाषा म्हणजे केवळ हातवारे नव्हेत. तिला तिचे स्वतःचे व्याकरण आहे. हातांचा आकार, हात कोठे आणि कसा हलतो, चेहऱ्यावरचा भाव, भुवया वर आहेत की खाली, या सगळ्यांना अर्थ असतो. अमेरिकेतील बधिरांच्या भाषेत 'तू आलास' आणि 'तू आलास का?' यांतला फरक भुवया उंचावून दाखवता येतो. अशी एक संपूर्ण भाषा लोराँला मिळाली आणि त्याच्या मनाचे दार उघडले. तिच्या आधारावर तो लेखी फ्रेंच शिकला. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो त्याच शाळेत शिक्षक झाला. पुढे वरच्या वर्गाची मुलेही त्याच्याकडे सोपवण्यात आली. ला बाम गावातला गाई चारणारा लोराँ आता क्लेर गुरुजी झाला होता.

आता थोडा वेळ आपण अमेरिकेत जाऊ. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड गावात कॉगस्वेल नावाचे डॉक्टर राहत. त्यांची मुलगी ॲलिस लहानपणीच आजारामुळे बहिरी झाली होती. त्या काळी अमेरिकेत बधिरांसाठी एकही कायमची शाळा नव्हती. १८१४ साली शेजारच्या घरातील थॉमस गॅलॉडेट या तरुणाचे या नऊ वर्षांच्या मुलीकडे लक्ष गेले. असे सांगतात, की त्याने तिला आपली हॅट दाखवली आणि जमिनीवर काठीने हॅटचे इंग्रजी नाव लिहिले. वस्तूचा आणि अक्षरांचा संबंध ॲलिसच्या ध्यानात आला. डॉक्टरांनी आणि गावातील सधन लोकांनी पैसे जमवून बधिरांना शिकवण्याची विद्या आणण्यासाठी १८१५ साली गॅलॉडेट यांना युरोपला पाठवले.

गॅलॉडेट आधी ब्रिटनमध्ये गेले. तिथल्या बधिरांच्या शाळा एका घराण्याच्या हातात होत्या. ते आपली विद्या गुप्त ठेवत. ती शिकायची तर बरीच वर्षे आमच्याकडे काम करावे लागेल आणि ती कोणाला सांगता येणार नाही, अशा त्यांच्या अटी होत्या. गॅलॉडेट यांना त्या मान्य झाल्या नाहीत. सुदैवाने सिकार त्याच वेळी मास्यू आणि क्लेर यांना घेऊन लंडनला आले होते. नेपोलियन पुन्हा सत्तेवर आल्यामुळे त्यांनी काही काळ फ्रान्स सोडले होते. लोकांनी विचारलेल्या अवघड प्रश्नांची हे दोन बधिर शिक्षक लेखी उत्तरे देत. ते पाहून गॅलॉडेट थक्क झाले. सिकार यांनी त्यांना पॅरिसला बोलावले आणि आपली विद्या मोकळ्या मनाने शिकवली.

१८१६ च्या वसंत ऋतूत गॅलॉडेट पॅरिसला पोहोचले. तेथे ते क्लेर यांच्याकडे खुणांची भाषा शिकू लागले. थोड्याच महिन्यांत त्यांच्या लक्षात आले, की एवढे शिकून शाळा चालणार नाही. सोबत मुरलेला शिक्षक हवा. त्यांनी क्लेर यांना अमेरिकेला येण्याची विनंती केली.

क्लेर यांच्यासमोर मोठा पेच होता. पॅरिसमध्ये त्यांना मान होता, मित्र होते, आवडते काम होते. अमेरिका समुद्रापलीकडे होती. तिथली भाषा परकी होती. सिकार यांना आपला उत्तम शिक्षक गमवायचा नव्हता. क्लेर आईचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा तिनेही त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला. पण तिकडे ॲलिससारखी कितीतरी मुले भाषेवाचून कोंडलेली होती. ते कोंडलेपण काय असते, हे क्लेर यांनी बारा वर्षे भोगले होते. तीन वर्षांसाठी जातो, असा करार करून त्यांनी जायचे ठरवले.

१८ जून १८१६ रोजी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून 'मेरी ऑगस्टा' हे जहाज निघाले. न्यूयॉर्कला पोहोचायला ५२ दिवस लागले. हे ५२ दिवस म्हणजे समुद्रावर भरलेली एक शाळाच होती. तिच्यात दोनच माणसे होती आणि दोघेही शिक्षक, दोघेही विद्यार्थी. क्लेर गॅलॉडेट यांना खुणा शिकवत आणि गॅलॉडेट क्लेर यांना इंग्रजी शिकवत. उर्दू शायरीतील उस्ताद-शागीर्दाची परंपरा तुम्हाला माहीत आहे. शागीर्द गझल लिहून आणतो आणि उस्ताद तिची इस्लाह करतो. इथे एका विषयात जो उस्ताद, तो दुसऱ्या विषयात शागीर्द होता!

क्लेर यांनी जहाजावर इंग्रजीत रोजनिशी लिहायला घेतली. तिचा हेतू इंग्रजी सुधारणे हाच होता. दिवसभरात जे पाहिले, जे घडले, ते ते इंग्रजीत लिहीत आणि गॅलॉडेट यांना दाखवत. गॅलॉडेट चुका दुरुस्त करत. क्लेर त्या दुरुस्त्या पाहून पुढच्या दिवशी पुन्हा लिहीत. त्यांना इंग्रजीचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. म्हणून डोळे हेच त्यांचे कान आणि वहीचे पान हाच त्यांचा बाजार होता.

फ्रेंच जाणणाऱ्याला इंग्रजी शिकताना अडचणी कमी नसतात. फ्रेंचमध्ये 'लाल कागद' म्हणताना 'कागद लाल' असा क्रम येतो, इंग्रजीत मात्र रंग आधी येतो. फ्रेंचमध्ये खुर्ची स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी, तर इंग्रजीत निर्जीव वस्तूंना असे लिंगच नाही. वय सांगताना फ्रेंच माणूस आपल्याजवळ तीस वर्षे आहेत, अशा अर्थाचे वाक्य बोलतो, तर इंग्रज आपण तीस वर्षांचे आहोत, असे म्हणतो. इंग्रजीत प्रश्न विचारताना 'डू' हे सहायक क्रियापद आणावे लागते, फ्रेंचमध्ये तसे क्रियापद लागत नाही. तुम्ही 'ती पुस्तक'ऐवजी 'ते पुस्तक' लिहायला शिकता, तशीच ही कसरत होती.

तरीही क्लेर यांची प्रगती झपाट्याने झाली. याचे कारण काय? त्यांचे मन रिकामे नव्हते. त्यांच्याजवळ आधीच खुणांची एक परिपूर्ण भाषा होती आणि लेखी फ्रेंचही होती. क्रियापद म्हणजे काय, काळ कशासाठी बदलतो, विशेषण कोणाचा गुण सांगते, हे त्यांना ठाऊक होते. इंग्रजीचे नियम नवे होते, पण नियम असतात ही गोष्ट नवी नव्हती. पहिली भाषा पक्की असली, की दुसरी भाषा तिच्या खांद्यावर उभी राहते. तुमच्या उर्दूचे तुमच्या मराठीला असेच साहाय्य होत असते.

९ ऑगस्ट १८१६ रोजी जहाज न्यूयॉर्कला लागले. हार्टफर्डला गेल्यावर क्लेर ॲलिसला भेटले. शिकलेला, मोठा झालेला, हातांनी बोलणारा बधिर माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती. दोघांनी खुणांनी संवाद सुरू केला.

शाळेसाठी पैसे हवे होते. त्या हिवाळ्यात क्लेर आणि गॅलॉडेट बॉस्टन, ऑल्बनी, फिलाडेल्फिया अशा शहरांत फिरले. बधिर माणसाला विचार करता येतो की नाही, अशीच अनेकांना शंका होती. क्लेर इंग्रजीत भाषण लिहून देत आणि गॅलॉडेट ते सभेत वाचून दाखवत. मग लोक कागदावर प्रश्न लिहून देत आणि क्लेर सर्वांसमोर इंग्रजीत उत्तरे लिहीत. देशात पाऊल ठेवून काही महिनेच झालेल्या बधिर परदेशी माणसाची शुद्ध वाक्ये वाचून लोकांच्या शंका गळून पडत. लोकांकडून सुमारे १२,००० डॉलर जमले. कनेक्टिकटच्या विधिमंडळानेही ५,००० डॉलर मंजूर केले.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डमध्ये भाड्याच्या जागेत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी सात विद्यार्थी होते. त्यांत ॲलिस होती. पहिल्या वर्षात विद्यार्थ्यांची संख्या तीसच्या वर गेली. पन्नाशीला आलेले बधिर चित्रकार जॉन ब्रूस्टर हेही लहान मुलांबरोबर शिकायला बसले. शिकायला वय आड येत नाही, हेच खरे.

वर्गात क्लेर यांना खरी कसोटी लागली ती इंग्रजी व्याकरणाची. 'घोडा', 'झाड', 'पाणी' हे शब्द मुले लवकर शिकत. वस्तू दाखवता येते. पण इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे कशी दाखवायची? क्रियापदाच्या शेवटी लागणारे काळाचे चिन्ह कसे दाखवायचे? ऐकणाऱ्या मुलाला हे बारीक शब्द दिवसातून हजारदा ऐकून सहज येतात. बधिर मुलाला ते फक्त छापलेल्या पानावर भेटतात. म्हणून त्याच्या लेखनात नेमके हेच शब्द गळतात किंवा चुकतात. दुसऱ्या देशातून येऊन इंग्रजी शिकणाऱ्या माणसांच्या चुकाही पुष्कळदा याच जागी होतात. म्हणजे बधिर मुलाची चूक ही मंद बुद्धीची खूण नाही. नवी भाषा शिकणाऱ्या कोणाचीही होईल, तशीच ती चूक आहे. क्लेर यांना हे शिकवावे लागले नाही. ते स्वतः त्याच वाटेने चालून आले होते.

सुरुवातीला त्यांनी पॅरिसची रीत इंग्रजीला जोडून घेतली. इंग्रजी वाक्यातील प्रत्येक शब्दासाठी आणि प्रत्ययासाठी एकेक खूण ठरवली. त्यामुळे वाक्याचा क्रम दिसे, पण बोलणे फार लांब आणि ओढूनताणून केल्यासारखे होई. पुढे १८३० नंतरच्या काही वर्षांत शाळेने ही रीत बाजूला ठेवली. मुलांच्या स्वाभाविक खुणांच्या भाषेत अर्थ समजावून द्यायचा आणि मग तोच अर्थ इंग्रजीत लिहायला शिकवायचा, असे सुरू झाले. आधी अर्थ आणि मग वाक्य, हा क्रम मुलांना सोपा गेला.

शाळेत येणारी मुले आपापल्या गावच्या खुणा घेऊन येत. मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर पुष्कळ बधिर लोक होते. तिथूनही मुले आली. क्लेर यांनी आणलेल्या फ्रेंच खुणा आणि मुलांच्या स्वतःच्या खुणा मिळून अमेरिकेतील बधिरांची भाषा घडली. म्हणूनच एक नवलाची गोष्ट दिसते. अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात, पण दोन्हीकडच्या बधिरांच्या खुणांच्या भाषा अगदी वेगळ्या आहेत. अमेरिकेतील खुणांचे जवळचे नाते आहे ते फ्रान्सशी.

जानेवारी १८१८ मध्ये क्लेर अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे गेले. तेथे संसदेच्या प्रतिनिधिगृहात त्यांना सभापतींच्या शेजारी मानाने बसवण्यात आले. राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांच्याशीही त्यांची भेट झाली. १८१९ साली संसदेने शाळेला सुमारे २३,००० एकर सरकारी जमीन दिली. तिच्या विक्रीतून शाळेला कायमचा आधार मिळाला.

त्याच वर्षी ३ मे रोजी क्लेर यांनी एलायझा बोर्डमन या आपल्या माजी विद्यार्थिनीशी विवाह केला. त्याही बधिर होत्या. दोन बधिरांचा संसार कसा चालेल, अशी काळजी गॅलॉडेट यांच्यासह काहींना वाटत होती. पण त्यांचा संसार सुखाचा झाला. त्यांची मुले ऐकू शकणारी होती.

तीन वर्षांच्या बोलीवर आलेले क्लेर कायमचे अमेरिकेत राहिले. फ्रान्सला ते तीनदा जाऊन आले, पण प्रत्येक वेळी हार्टफर्डला परतले. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, केंटकी अशा राज्यांत बधिरांच्या शाळा निघाल्या. तिथले अनेक शिक्षक हार्टफर्डला तयार झाले. पेनसिल्व्हेनियाची शाळा नवीन असताना क्लेर यांनी काही महिने तिथे राहून तिची घडी बसवून दिली. ४१ वर्षे शिकवून १८५८ साली ते निवृत्त झाले.

१८६४ साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सहीने वॉशिंग्टनमधील बधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तिचे प्रमुख होते थॉमस गॅलॉडेट यांचे सर्वांत धाकटे पुत्र एडवर्ड. उद्घाटनाला ७८ वर्षांचे क्लेर हजर होते. चुलीजवळ पडलेल्या त्या मुलाने बधिरांचे महाविद्यालय डोळ्यांनी पाहिले. आज ते गॅलॉडेट विद्यापीठ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे क्लेर यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर एक दुःखद गोष्ट घडली. १८८० साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यांनी ठरवले, की मुलांना फक्त तोंडाने बोलायला शिकवावे. त्यानंतर अनेक देशांच्या शाळांत खुणांवर बंदी आली आणि बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या फटक्याने लहान लोराँची जीभ दातांखाली आली होती, तसाच फटका जणू सगळ्या बधिर मुलांना बसला. मुलांचे वर्षानुवर्षांचे शिक्षण उच्चारांच्या सरावात गेले आणि वाचन-लेखन मागे पडले.

मात्र सत्य फार काळ झाकून राहत नाही. १९६० साली गॅलॉडेट येथील प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी अभ्यास करून दाखवले, की अमेरिकेतील बधिरांच्या खुणांना भाषेची स्वतंत्र रचना आहे. ज्या बधिर मुलांची खुणांची भाषा चांगली असते, ती लेखी इंग्रजीतही बहुधा पुढे असतात, असे नंतरच्या अभ्यासांतही आढळले. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेने मिलानचे ते जुने ठराव नाकारले. आपल्या देशातील बधिरांचीही स्वतःची भारतीय सांकेतिक भाषा आहे. तिच्या अभ्यासासाठी आणि शिक्षक तयार करण्यासाठी २०१५ साली नवी दिल्ली येथे केंद्र सरकारने खास संस्था स्थापन केली.

मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात एखादा बधिर मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याला 'मुका' म्हणून हिणवू नका. त्याच्या हातांकडे पाहा. त्याच्या चार खुणा शिका आणि त्यालाही तुमच्या खेळात घ्या. मुका तो नसतो. त्याची भाषा आपल्याला येत नाही, एवढेच.

आणि मराठीचे व्याकरण कठीण वाटले, तर क्लेर यांची जहाजावरची वही आठवा. रोज पाच ओळी मराठीत लिहा. घरी काय झाले, वाटेत काय पाहिले, ते साध्या वाक्यांत लिहा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा. लाल शाईच्या खुणांना घाबरू नका. दुसऱ्या दिवशी त्या खुणा पाहून पुन्हा पाच ओळी लिहा. ज्यांना एकही शब्द ऐकू येत नव्हता, ते क्लेर याच वाटेने इंग्रजी शिकले. तुम्हाला तर मराठी रोज ऐकूही येते.